बिनइंजिनाचे विमान : सांगाडा, मढवणी, तोल आणि रेडिओ-यंत्रणा



माघ-फाल्गुनातील ऊन तापू लागले म्हणजे आपल्या शाळेच्या पटांगणावर घार घिरट्या घालताना दिसते. ती पंख हलवीत नाही, तरीही खाली येत नाही. उलट प्रत्येक घिरटीगणिक थोडी वरच चढते. मधल्या सुट्टीत एखादा विद्यार्थी मान वर करून तिच्याकडे पाहत उभा असतो आणि घंटा झाली तरी त्याचे पाय वर्गाकडे वळत नाहीत. अशा मुलाचे 'लक्ष नाही' असा शेरा आपण सहज मारतो. वास्तविक त्याचे लक्ष घारीवर पुरते खिळलेले असते. त्या लक्षाला पाठाशी जोडून देणे हे आपले काम आहे, आणि ते करण्याचे एक साधन म्हणजे मुलांच्या हातून ग्लायडर तयार करवून घेणे.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते हवेतून सावकाश उतरत उतरत पुढे सरकते आणि या उतरण्यातच त्याला पुढे जाण्याचे बळ मिळते. त्याची लहान प्रतिकृती कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ एवढ्या साहित्यावर कोणत्याही खेड्यातील शाळेत होऊ शकते. पुढे तिलाच मोठे रूप देऊन रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून वळविता येते. या लेखात या दोन्ही पायऱ्या क्रमाने सांगावयाच्या आहेत. सोबत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही हकीकत देत आहे. कृतीपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

विषयाची निवड

हाताने काम करता करता गणित, विज्ञान व भाषा शिकावी, हा समवायाचा विचार आपल्याला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी तो देशापुढे ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची सूचना आहे. असे दिवस आले की काय करावे, असा प्रश्न पुष्कळ शिक्षक विचारतात. ग्लायडर हे त्याचे एक उत्तर आहे.

दुसरेही एक कारण आहे. विज्ञान प्रदर्शनांत बाजारातून आणलेली तयार उपकरणे मांडण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. 'हे कसे चालते?' असे विचारले असता विद्यार्थी पाठ केलेला मजकूर घडाघडा म्हणतो. 'हे कोणी जोडले?' असे विचारले असता तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो. ज्या वस्तूला मुलाचा हात लागला नाही ती वस्तू त्याची होत नाही. याउलट आपल्या भागातील मुले ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यांची बैलगाडी बाभळीच्या काट्यांनी जोडून करीत आली आहेत. बाहेर कठीण साल आणि आत हलका भेंड, म्हणून धांडा हलका असूनही लवकर मोडत नाही, हे त्या मुलांना सांगावे लागत नाही. विमानाच्या पंखाची रचनाही याच तत्त्वावर केलेली असते.

थोडा इतिहास

इंग्लंडमधील जॉर्ज केली याने १८०४ मध्ये एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख आणि मागे शेपूट बसवून ग्लायडर तयार केले आणि तोल साधण्यासाठी पुढे सरकते वजन लावले. आपण वर्गात करणार आहोत ती वस्तू जवळजवळ हीच आहे. जर्मनीतील ऑटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून टेकडीवरून स्वतः उड्डाणे केली. सुमारे दोन हजार उड्डाणांनंतर १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचे ग्लायडर नाक वर करून हवेत थबकले आणि कोसळले. त्यातच त्याचा अंत झाला. राइट बंधूंनी त्याच्या कार्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी १९०० ते १९०२ या काळात आधी ग्लायडरे उडविली आणि तोल हाती आल्यावरच १९०३ मध्ये विमानाला इंजिन बसविले. आधी तोल आणि मग शक्ती, हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासारखा आहे.

आपल्याकडील उदाहरणेही द्यावीत. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला आणि त्यांनी आखलेले एच.टी. २ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये बंगळूर येथे आकाशात गेले. पुण्याजवळ हडपसर येथे १९५० मध्ये ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती तयार करणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. आपल्या शाळेतील मूल पुढे महाविद्यालयात गेले तर ही वाट त्याच्यासाठी खुली आहे, हे त्याला आजच कळलेले बरे.

सांगाडा

पहिले ग्लायडर लहान असावे. पुढील मापे सोयीची ठरतात : पंखाची एकूण लांबी ६० सेंटिमीटर व रुंदी ९ सेंटिमीटर, मागील आडव्या शेपटाची लांबी २० व रुंदी ५ सेंटिमीटर, उभे शेपूट ६ सेंटिमीटर चौरस, अंगाची काठी ५० सेंटिमीटर. मापे मुलांनी जुन्या वर्तमानपत्रावर प्रत्यक्ष आकारात काढावीत आणि सांगाडा त्या आराखड्यावर ठेवूनच जोडावा. पंखाचे क्षेत्रफळ ५४० चौरस सेंटिमीटर आणि आडव्या शेपटाचे १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पंखाच्या सुमारे पाचव्या भागाएवढे येते. हे प्रमाण मुलांकडूनच काढवून घ्यावे.

घराच्या माळवदाला जशी तुळई असते तशी पंखाच्या मध्यातून एक मुख्य कामटी जाते. ती ३ मिलिमीटर जाडीची, गाठी कमी असलेली, वाळलेल्या बांबूची असावी. पुढच्या व मागच्या कडेला २ मिलिमीटरच्या कामट्या लावाव्यात. तुळईवर जसे आडवे सर तशा या तीन कामट्यांवर आडव्या नऊ फासळ्या येतात. फासळ्या सरळ नसाव्यात. पतंग करणारा कारागीर कमान वाकवितो त्याप्रमाणे बांबूची सळई पणतीच्या आचेवर शेकून तिला हलका बाक द्यावा. ९ सेंटिमीटरच्या रुंदीला मध्यभागी अर्धा सेंटिमीटर उंची पुरे. हा बाक असलेला पंख वरून जाणाऱ्या हवेला खाली वळवितो आणि हवा पंखाला वर उचलते. हे काम आचेजवळचे असल्यामुळे शिक्षकाने स्वतः समोर बसून करवून घ्यावे.

पंख अगदी सपाट ठेवू नये. मुख्य कामटी व दोन्ही कडा मध्यभागी शेकून किंचित वाकवाव्यात, म्हणजे दोन्ही टोके मध्यापेक्षा तीन तीन सेंटिमीटर उंच राहतील. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. अशा वेळी खाली गेलेल्या पंखाला हवेचा आधार अधिक मिळतो आणि विमान आपोआप सावरते. घार तरंगताना पंख कसे धरते, हे मुलांना पाहावयास सांगावे.

सांधे सुती दोऱ्याने दोन-तीन वेढे देऊन बांधावेत आणि वर पांढऱ्या डिंकाचा थेंब द्यावा. डिंक जास्त लावल्याने सांधा मजबूत होतो ही समजूत चुकीची आहे. त्याने केवळ वजन वाढते. पंख अंगाच्या काठीवर रबराच्या कड्याने बांधावा, म्हणजे आपटल्यास तो मोडण्याऐवजी निसटेल आणि पुढे-मागे सरकविताही येईल. पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर उंच राहील अशी एक चकती खाली घालावी. एवढे काम नीट झाल्यास सबंध ग्लायडरचे वजन ३० ते ४० ग्रॅमांत बसते. किराणा दुकानातील किंवा पोषण आहाराच्या खोलीतील अंकीय काटा यासाठी चालतो.

ज्या शाळेत चांगला बांबू मिळत नाही तेथे दूरदर्शन संच किंवा शीतकपाट यांच्या खोक्यातून निघणारा थर्मोकोल वापरता येईल. टाकाऊ आवरणाचा पुनर्वापर करावा. नवा थर्मोकोल विकत आणू नये.

मढवणी

सांगाड्यावर कागद चढविणे याला आपण मढवणी म्हणू. ढोलकी मढविणारा ज्या काळजीने कातडे ताणतो तीच काळजी येथे हवी.

कागदाला एक दिशा असते. पतंगाच्या कागदाची पट्टी एका बाजूने फाडली तर सरळ फाटते, दुसऱ्या बाजूने फाडली तर वेडीवाकडी फाटते. सरळ फाटते ती त्याच्या तंतूंची दिशा. पैठणी आणि हिमरू विणणाऱ्यांच्या या जिल्ह्यात ताणा-बाणा हे शब्द मुलांना परके नाहीत. कागदातील तंतूंची दिशा म्हणजे त्याचा ताणा असे सांगितले की पुरते. हा ताणा पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावा. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो व वाळताना अधिक आकसतो. ताणा लांबीत ठेवल्यास ही मोठी ओढ पंखाच्या रुंदीत बसते, लांबीत कागद कमी आकसतो आणि फासळ्यांच्या मधल्या जागा कमी खोल पडतात.

मैद्याची खळ गाळून पातळ करावी. प्रथम मध्यावरच्या फासळीला कागद चिकटवावा, मग एका टोकाकडे आणि नंतर दुसऱ्या टोकाकडे हलक्या बोटांनी चुण्या काढीत जावे. अर्धा पंख एक तुकडा आणि अर्धा दुसरा, असे दोन तुकडे घ्यावेत. वाकलेल्या मध्यावर एकच तुकडा बसत नाही. कडांवर अर्धा सेंटिमीटर कागद दुमडून घ्यावा. खळ वाळल्यावर कागदावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. कागद आधी सैल पडेल; मुलांना वाटेल की सगळे बिघडले. त्यांना थांबावयास सांगावे. वाळताना तोच कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. मात्र या वेळी पंखाचा प्रत्येक अर्धा भाग आळीपाळीने फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवणे अत्यावश्यक आहे. मोकळा सोडल्यास वाळणारा कागद सांगाड्याला पीळ देतो आणि पिळलेला पंख कधीही सरळ जात नाही.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. खळ लावण्याचे काम मुलींकडे आणि विमान फेकण्याचे काम मुलांकडे, अशी वाटणी शाळाशाळांतून नकळत होते. ती होऊ देऊ नये. ज्याने मढविले त्याने फेकावे आणि ज्याने फेकले त्याने पुढचे मढवावे.

तोल

आता माझी हकीकत सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत नवा शिक्षक होतो. प्रजासत्ताकदिनी गावापुढे काहीतरी नवीन दाखवावे म्हणून मी रात्री जागून असेच एक ग्लायडर तयार केले. मुलांना मी फक्त कामट्या धरण्यापुरते जवळ घेतले होते. त्यांत पाचवीतील एक मुलगा होता. वाचनात तो मागे होता. पण धांड्यांच्या गाड्या करण्यात गावात त्याचा हात कोणी धरीत नसे. आदल्या दिवशी संध्याकाळी ग्लायडर बोटावर तोलून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, शेपटाकडं जड हाय हे." मी त्याला म्हणालो, "तू तुझं वाचन बघ."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर, गावकरी पारावर बसलेले असताना, मी तेच ग्लायडर त्याच्या हाती दिले आणि फेकावयास सांगितले. ते चार हात गेले, नाक वर करून क्षणभर थबकले आणि शेपटावर कोसळले. लोक हसले. मी सर्वांसमक्ष त्या मुलाला म्हणालो, "तुला साधं फेकता येत नाही!"

आठ दिवसांनी त्या मोडक्या सांगाड्याला दोरा बांधून मी तो आढ्याला टांगला. शेपूट सरळ खाली गेले. मुलाने सांगितले होते तेच खरे होते. लिलिएन्थाल ज्या प्रकारे कोसळला त्याच प्रकारे माझे विमान कोसळले होते. फरक इतकाच की त्याची किंमत मी दुसऱ्याला द्यावयास लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. गावासमोर झालेला अपमान चार भिंतींच्या आत भरून निघत नाही, हे मला तेव्हा कळले. उरलेल्या वर्षात त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही. पुढल्या दिवाळीनंतर त्याचे कुटुंब ऊसतोडीला गेले आणि तो शाळेत परतला नाही.

म्हणून तोलाचा नियम मी दोन भागांत सांगतो. पहिला भाग विमानाचा : पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ सेंटिमीटर मागे, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशावर, दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान तोलावे. शेपूट खाली गेल्यास नाकाला थोडी थोडी शाडू माती लावीत जावे. विमान आडवे स्थिर राहिले की थांबावे. दुसरा भाग शिक्षकाचा : फेकण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या बोटावर विमान तोलून पाहू द्यावे, त्याला काय वाटते ते विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. बोटाने कळणारी गोष्ट पुस्तकाने कळणाऱ्या गोष्टीपेक्षा कमी प्रतीची नसते.

हातफेक आणि दुरुस्ती

कार्तिक ते माघ या काळातील सकाळ, नऊ वाजण्यापूर्वीची, उत्तम. उदबत्तीचा धूर जवळजवळ सरळ वर जात असेल तेव्हाच पहिली फेक करावी. मुलाने वाऱ्याकडे तोंड करून, विमान खांद्याच्या उंचीवर आडवे धरून, क्षितिजाच्या थोड्या खालच्या रोखाने हलकेच पुढे ढकलावे. दगडासारखे भिरकावू नये.

विमान नाक वर करून थबकले व कोसळले, तर नाकाला काडीच्या गुलाएवढी माती वाढवावी. सरळ जमिनीकडे झेपावले, तर माती कमी करावी किंवा आडव्या शेपटाची मागची कड किंचित वर वाकवावी. एकाच बाजूला वळत राहिले, तर पंखाला पीळ आहे का ते समोरून डोळ्याच्या रेषेत पाहावे. पीळ असल्यास तो भाग पाण्याच्या वाफेवर धरून सरळ करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहावा. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने गुण आला हे कळत नाही. प्रयोगाची ही शिस्त ग्लायडरइतक्या सहजपणे दुसऱ्या कोणत्या साधनाने शिकविता येते असे मला आढळले नाही.

वर्गातील उपयोग

चौथी-पाचवीच्या मुलांनी प्रत्येक फेकीचे अंतर मोजून सरासरी काढावी. ९, ११ व १० मीटर अशा तीन फेकी झाल्यास सरासरी १० मीटर. फेकीची उंची दीड मीटर असेल तर एक मीटर उतरताना विमान सुमारे साडेसहा मीटर पुढे गेले. हे झाले त्याचे घसरगुणोत्तर. मात्र जोराने फेकल्यास हे गुणोत्तर पंखाचे न राहता दंडाच्या बळाचे होते, हे मुलांच्याच ध्यानात यावे असे प्रश्न विचारावेत.

सहावी-सातवीच्या वर्गाला घारीचे कोडे सोडवावयास द्यावे. एखादे मोठे ग्लायडर सेकंदाला ८ मीटर वेगाने जाते आणि त्याचे घसरगुणोत्तर १० आहे, तर ते सेकंदाला सुमारे ०.८ मीटर खाली येते. ४० मीटर उंचीवरून ते ५० सेकंदांत जमिनीवर टेकेल. आता नांगरलेले काळे रान उन्हाने तापले आणि त्यावरची हवा सेकंदाला १ मीटर वेगाने वर चढू लागली, तर काय होईल? ग्लायडर हवेतून खाली येत असूनही जमिनीपासून वर चढेल. घार हेच करते. टेकडीवर आदळणारा वाराही असाच वर वळतो. म्हणून सातमाळ्याच्या कड्यांवर घारी एका ओळीत तरंगताना दिसतात.

भाषेच्या तासाला 'माझे विमान का कोसळले?' या विषयावर दहा ओळी लिहवून घ्याव्यात. यशाच्या वर्णनापेक्षा अपयशाचे कारण लिहिताना मुले अधिक नेमके शब्द शोधतात.

रेडिओ-यंत्रणा

१९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओने चालणारी विमानप्रतिकृती उडविली. तेव्हाचे संच जड व नाजूक होते. आज ते तळहातावर मावतात. हे काम सातवी-आठवीच्या गटाने, लहान ग्लायडर चांगले उडू लागल्यानंतरच घ्यावे. एक संच केंद्रशाळेत ठेवून केंद्रातील सर्व शाळांनी आळीपाळीने वापरल्यास खर्चाचा भार पडत नाही.

यासाठी पंखाची लांबी १५० आणि रुंदी १८ सेंटिमीटर घ्यावी. पंखाला वरून व खालून, दोन्ही बाजूंनी मढवावे. पतंगाचा कागद येथे टिकत नाही. इस्त्रीच्या मंद उष्णतेने चिकटणारे व आकसणारे प्लास्टिकचे पातळ आवरण प्रतिकृतींच्या साहित्याच्या दुकानांत मिळते. आधी कडा चिकटवाव्यात आणि मगच मधला भाग तापवून ताणावा. लाकूड शक्य तर बाल्सा घ्यावे. दक्षिण अमेरिकेतील हे झाड लवकर वाढते आणि त्याचे लाकूड अत्यंत हलके असते. सर्व मिळून वजन ४५० ग्रॅमांच्या आसपास ठेवावे.

यंत्रणेचे चार भाग आहेत. हातात धरावयाचा प्रक्षेपक, विमानातील ग्राहक, शेपटाच्या मागील कडा हलविणाऱ्या दोन सर्व्हो मोटरी आणि बॅटरी. प्रत्येकी ९ ग्रॅमांच्या दोन मोटरी पुरतात. एक मोटर आडव्या शेपटाची कड हलवून नाक वर-खाली करते. दुसरी उभ्या शेपटाची कड हलवून विमान वळविते. ग्राहक सर्व्होला सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचे स्पंद पाठवितो. स्पंदाची लांबी सेकंदाच्या दीड हजारांश भागाएवढी असली तर सर्व्होचा दांडा मध्यावर राहतो. ती एक हजारांशाकडे गेली तर एका बाजूला आणि दोन हजारांशांकडे गेली तर दुसऱ्या बाजूला वळतो.

बहुतेक आधुनिक संच २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर चालतात. येथेही एक गणित आहे. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २४० कोटींनी भागले की लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. तिचा चौथा भाग सुमारे ३ सेंटिमीटर, आणि अशा ग्राहकाच्या तारेचे उघडे टोक बहुधा तेवढेच लांब असते. ही तार कापू नये, मुडपू नये आणि धातूला लागू देऊ नये.

बॅटरी व ग्राहक नाकात ठेवावेत, म्हणजे तोलासाठी मातीचे निरुपयोगी वजन लागत नाही. सर्व्होपासून शेपटापर्यंत जाणाऱ्या काड्या सहज सरकल्या पाहिजेत. सर्व जोडणी झाल्यावर पुन्हा पंखाच्या एक-तृतीयांशावर तोल पाहावा. यंत्रणा बसविली म्हणून तोलाचा नियम बदलत नाही.

उड्डाणापूर्वी पुढील क्रम दर वेळी पाळावा. आधी प्रक्षेपक सुरू करावा, मग ग्राहक. विमानाच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे केल्यावर शेपटाची कड उजवीकडेच वळते ना, ते पाहावे. संचावर पल्ला तपासण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करून तीस पावले दूर जाऊन पुन्हा पाहावे. उतरल्यावर आधी ग्राहक बंद करावा, मग प्रक्षेपक. हा क्रम दोन विद्यार्थ्यांनी मोठ्याने म्हणावा आणि तिसऱ्याने खूण करावी.

सावधगिरी

लिथियम बॅटरी फुगली असल्यास वापरू नये आणि भारित होत असताना ती एकटी सोडून जाऊ नये. दोरीने ओढून विमान चढवावयाचे असल्यास सुती दोराच घ्यावा. नायलॉनच्या मांजाने माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले गेले आहेत आणि त्यावर बंदी आहे. विजेच्या तारा, रस्ता व गुरांचे गोठे यांपासून दूरचे रान निवडावे.

२०२१ च्या ड्रोन नियमावलीत शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या दूरनियंत्रित प्रतिकृतींचाही उल्लेख आहे. त्या नियमावलीप्रमाणे मोकळ्या क्षेत्रात १२० मीटर आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर ही उंचीची मर्यादा आहे. त्याहून जवळ परवानगीविना उडवू नये. चिकलठाणा विमानतळाच्या परिसरातील शाळांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद यांसारख्या संरक्षित स्मारकांजवळ प्रयोग करू नयेत. उड्डाणापूर्वी लागू असलेले नियम पाहून स्थानिक पोलीस ठाण्याला कळविणे हिताचे.

समारोप

रेडिओचा संच मिळाला नाही तर पाठ अपुरा राहिला असे समजू नये. कामटी, कागद व खळ यांतच पाठाचा मुख्य भाग आलेला आहे. या वर्षी प्रत्येक शाळेने निदान एक ग्लायडर तयार करावे आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याच्यासोबत मुलांची नोंदवहीही आणावी. शाळाभेटीला आलो की मी आधी वहीच मागेन. विमान किती लांब गेले हे मी नंतर विचारीन; तोल बोटावर कोणी पाहिला, काय सांगितले आणि आपण ते ऐकले का, हे आधी विचारीन.

आपल्या वर्गातही असे एखादे मूल मागच्या रांगेत बसलेले असेल. विमान आधी त्याच्या बोटावर ठेवा.